दोघांपुरती गाडी : माझदा एमएक्स-५, एनए पासून एनडी पर्यंत

रोड_नंबर_१६
रविवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात आवडत्या गाड्यांच्या धाग्यावर मी एका ओळीत ‘इयुनोस रोडस्टर’ असं लिहून गेलो. त्यावर इतक्या जणांनी ‘ही कुठली?’ विचारलं की वेगळा धागा काढतो असं कबूल करून बसलो. दोन रविवार त्यात गेले. लांबलंय, सवडीने वाचा.

मी ठाण्याच्या नौपाड्यातला. वागळे इस्टेटला गिअर कापायच्या कारखान्यात नोकरीला लागलो आणि त्याच कामातून २००२ मध्ये जपानात नागोयाला गेलो. सात वर्षं होतो. दुसऱ्या वर्षी तिथल्या एका वयस्कर गृहस्थांकडून ही गाडी घेतली. १९९२ चं मॉडेल, ‘व्ही-स्पेशल’. गर्द हिरवा रंग, आत फिक्या तपकिरी चामड्याच्या सीटा, लाकडी नार्डी स्टिअरिंग, कापडी टप. सीटा दोनच. जगात हिला माझदा एमएक्स-५ म्हणतात, अमेरिकेत मियाटा, आणि जपानात पहिली पिढी ‘इयुनोस’ या माझदाच्याच वेगळ्या विक्री-शाखेच्या नावाखाली आली. नावं तीन, गाडी एकच.

हिची सुरुवात एका पत्रकारापासून होते. बॉब हॉल हा अमेरिकन मोटार-पत्रकार, जपानी बोलणारा. १९७९ च्या सुमारास माझदाच्या संशोधन विभागाचे प्रमुख केनिची यामामोतो यांच्याशी बोलताना त्यांनी त्याला विचारलं, आम्ही पुढे कुठली गाडी करावी? यामामोतो म्हणजे माझदाचं रोटरी इंजिन ज्यांच्या चमूने उभं केलं ते. हॉलने सांगितलं : जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारसारखी साधी, हलकी, उघड्या टपाची, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. त्या वेळी ब्रिटिशांच्या या गाड्या शेवटच्या घटका मोजत होत्या. एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर, दोघींचं उत्पादन १९८० मध्ये थांबलं. तेल गळायचं, वायरिंग दगा द्यायचं, पण लोकांचा जीव होता त्यांच्यावर. गिऱ्हाईक उभं होतं आणि दुकानाचं शटर खाली आलं होतं. यामामोतोंनी पुढे स्वतः एक स्पिटफायर हाकोनेच्या घाटात चालवून पाहिली, आणि त्यांच्या मनाने घेतलं.

१९८१ मध्ये हॉल माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या ऑफिसात रुजू झाला. १९८३ मध्ये कंपनीने नेहमीच्या उत्पादन-यादीबाहेरचं संशोधन म्हणून ‘ऑफलाइन ५५’ सुरू केलं, आणि दोन गटांत स्पर्धा लावली. टोकियोच्या गटाने दोन आराखडे केले : एकात इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना, दुसऱ्यात इंजिन सीटांच्या मागे. कॅलिफोर्नियावाले एकाच गोष्टीवर अडून बसले, इंजिन पुढे, ताकद मागे. कागदावर टोकियोची बाजू जास्त शहाणी होती. पुढच्या चाकांचे सुटे भाग कंपनीकडे तयार होते, खर्च कमी पडला असता. इंजिन मधोमध, म्हणजे सीटांच्या मागे, ठेवायची तर तेव्हा लाटच होती, टोयोटाची एमआर२ १९८४ मध्येच आली. तरीही निवड झाली कॅलिफोर्नियाची. माझ्या मते या गाडीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस तो, बाजारात आली तो नव्हे.

मग इंग्लंडमधल्या वर्दिंगच्या एका कंपनीकडून चालता नमुना करून घेतला. फायबरची बॉडी, नाव व्ही-७०५. १९८५ मध्ये तो कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या रस्त्यांवर फिरवला, तर लोक मागे गाड्या लावून ‘ही मिळते कुठे?’ विचारू लागले. जानेवारी १९८६ मध्ये मंजुरी मिळाली. कामाची सूत्रं गेली तोशिहिको हिराई यांच्याकडे.

हिराईंनी सगळ्या चमूपुढे एकच शब्द ठेवला : ‘जिंबा इत्ताई’. घोडा आणि स्वार एकजीव. आपल्या भाषेत याला शब्द आहे, मांड. मांड पक्की बसली की लगाम ओढावा लागत नाही, घोड्याला कळतं. मी आजही या गाडीच्या प्रत्येक पिढीला हाच एक प्रश्न विचारतो : मांड बसते का? हॉर्सपॉवर, टपाचा प्रकार, पडदा केवढा, हे सगळं त्याच्या मागून.

१० फेब्रुवारी १९८९ ला शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. अमेरिकेत किंमत १३,८०० डॉलरच्या आसपास. इंजिन १.६ लिटरचं, दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह, ताकद अमेरिकेत ११६ हॉर्सपॉवर. जपानी मॉडेलचं वजन ९४० किलो. पुढे-मागे वजन जवळजवळ निम्मं-निम्मं. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन आडव्या हातांनी धरलेलं. टायर १८५/६० आर १४, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या साध्या हॅचबॅकला शोभतील इतके बारीक. आणि बटण दाबलं की बोनेटमधून वर येणारे दिवे! शेजारच्या इमारतीतली पोरं संध्याकाळी मी यायची वाट बघत थांबायची, फक्त ते दिवे मिटताना बघायला.

पहिल्या पिढीला एनए म्हणतात. तिच्यानंतर एनबी, एनसी, एनडी. त्या हळूहळू लिहितो. आधी तुमचे प्रश्न येऊ द्या.

पामबीच_सकाळी_६
रविवार, सकाळी ११:०५

काका, मस्त लिहिलंय. पण प्रामाणिकपणे विचारतो, ११६ हॉर्सपॉवर? माझ्या नेक्सॉनला १२० आहे आणि मागे तीन माणसं बसतात. मग हिला स्पोर्ट्‌स कार का म्हणायचं?

रोड_नंबर_१६
रविवार, दुपारी १२:३०

बरं केलंस हा प्रश्न विचारलास, बहुतेकांच्या मनात तोच येतो.

तुझी गाडी बाराशे किलोच्या वर आहे, ही साडेनऊशेच्या आत. सरळ रस्त्यावर फरक फार दिसणार नाही. शून्य ते शंभरला एनए साधारण नऊ सेकंद घ्यायची, आज त्याचं कुणाला कौतुक नाही. खरा फरक कळतो तो वळणावर. वजन कमी असलं की ब्रेक कमी लागतो, टायर बारीक चालतात, टायर बारीक म्हणून स्टिअरिंग हलकं, आणि त्यातून रस्ता हाताला कळतो. एक किलो कमी केला की तो चार ठिकाणी कमी होतो.

एक प्रयोग कर. घोडबंदरला गायमुखच्या घाटातून एखाद्या पहाटे एकटा जा, आणि नंतर घरची चार माणसं नि सामान घेऊन जा. गाडी तीच, रस्ता तोच. पहिल्या खेपेला हाताला जे जाणवेल ते हिच्यात रोज मिळतं, चाळीसच्या वेगालासुद्धा. वेग वाढवून गंमत आणणाऱ्या गाड्या भरपूर आहेत. ही कमी वेगात गंमत देते, आणि आपल्या रस्त्यांना तर तेच हवं.

स्पॅनर_तुर्भे
रविवार, दुपारी ३:१५

काकांनी एक मोठी गोष्ट राखून ठेवलीय, ती मी लिहितो. माझं तुर्भ्याला गॅरेज आहे, ही गाडी माझ्याकडे कधी आली नाही, पण दुबईला दोन वर्षं वर्कशॉपमध्ये होतो तेव्हा एनए आणि एनबी मिळून चार-पाच खोलल्या आहेत.

गाडी लिफ्टवर घेतली की खाली मधोमध एक ॲल्युमिनिअमचा लांब गर्डर दिसतो. पुलाच्या कैचीसारखा, भोकंभोकं असलेला. एक टोक गिअरबॉक्सच्या शेपटीला, दुसरं डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या डब्याला. त्याला ‘पॉवर प्लांट फ्रेम’ म्हणतात. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं चासीला मजबुती द्यायला टाकलाय. तसं नाही.

मागच्या चाकांवर चालणारा कुठलाही जुना टेम्पो घ्या. क्लच सोडला की आधी डिफरन्शियल आपलं तोंड वर उचलतं, रबरी बुश दाबले जातात, शाफ्टच्या क्रॉस-सांध्यातला ढिलेपणा संपतो, खट्‌ असा आवाज येतो, आणि मग गाडी हलते. पाय उचलला की हेच उलटं. या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल त्या गर्डरने एकमेकांना बांधून टाकलेत, त्यामुळे डिफरन्शियलला मान उचलायला वावच नाही. पाय दाबला की त्याच क्षणी मागचं चाक ढकलतं, मध्ये काही हरवत नाही. काका ज्याला मांड म्हणतात ती त्या गर्डरच्या नटबोल्टात आहे, असं माझं मत.

आणखी दोन गोष्टी. बॅटरी डिकीत, उजव्या कोपऱ्यात. लहानशी, सीलबंद, तिच्यातला वायू बाहेर जायला बारीक नळी. पुढचं वजन मागे नेण्यासाठी केलंय. बोनेट ॲल्युमिनिअमचं, एका हाताने उचलतं. पुढे वजन नको म्हणून.

जुनी कुणी घेणार असेल तर : १९९१ च्या मध्यापर्यंतची १.६ इंजिनं असतील तर क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या टोकाची चावी आणि खाच बघून घ्यावी. तिथला बोल्ट टायमिंग बेल्टच्या कामात नीट टॉर्कने आवळला गेला नसेल तर खाच झिजते आणि क्रँक हातचा जातो. पुढच्या इंजिनांत ते टोक जाड केलंय.

रोड_नंबर_१६
रविवार, दुपारी ४:०२

स्पॅनरदादा, दंडवत. मी पाच-सहा वर्षं चालवली आणि गर्डरबद्दल इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. मांड कशी बसते हे कोडं तुम्ही खालून सोडवलंत.

सीवूड्स_आई
रविवार, रात्री ८:५०

मला गाड्यांमधलं काही कळत नाही, पण या धाग्यावर लिहावंसं वाटतंय. माझी लेक इंग्लंडमध्ये लीड्सला असते आणि तिच्याकडे ही नवी आहे, लाल रंगाची, १.५ लिटरची. गेल्या मे महिन्यात मी दीड महिना तिच्याकडे होते.

पहिल्या दिवशी मला आत बसताच येईना. सीट इतकी खाली की जमिनीवर पाट मांडून बसल्यासारखं. ती म्हणाली, आई, आधी बूड टेक, मग पाय आत घे. तसं केल्यावर जमलं. टप तिने जागेवर बसूनच एका हाताने मागे टाकला, एक खटका काढला आणि ढकलला, झालं. आत खण नावाला नाही! चष्मा ठेवायला समोर डबा शोधला तर तो नाहीच, दोन सीटांच्या मध्ये मागे एक कप्पा आहे. पाण्याची बाटली कोपरामागे. मी म्हटलं, एवढे पैसे मोजून खणसुद्धा नाही दिला? तर म्हणाली, आई, ज्यांनी ही केली त्यांनी एकेक ग्रॅम मोजलाय.

पण त्या डोंगराळ भागातल्या दगडी कुंपणांच्या अरुंद रस्त्यांवरून गेलो तेव्हा गवताचा वास आला, मेंढ्यांचा आला, कुणाच्या तरी घरातल्या पावाचा आला. लेक वर्षभर फोनवर जेवढं बोलली नव्हती तेवढं त्या दोन तासांत बोलली. मागे कुणी नाही, फोन नाही. शेजारी-शेजारी बसलं की माणूस जास्त बोलतं, समोरासमोर बसून नाही.

काका, तुम्ही ‘मांड’ लिहिलंत ते वाचून मला तिचा गिअरवरचा हात आठवला. बघायचीच नाही ती गिअरकडे.

रोड_नंबर_१६
रविवार, रात्री १०:१२

सीवूड्स ताई, तुम्ही लिहिलंत ते कुठल्याही मासिकातल्या चाचणीपेक्षा मोलाचं आहे. लेकीची गाडी एनडी, चौथी पिढी. तिच्यावर येतोच, पण मधल्या दोन आधी.

एनबी १९९८ पासून २००५ पर्यंत. मुळात पहिल्याचीच सुधारून घेतलेली. वर येणारे दिवे गेले, स्थिर दिवे आले. मला वाईट वाटलं, पण नाकावरचं वजन कमी झालं हे मान्य करायला हवं. टपाची मागची खिडकी एनएमध्ये प्लास्टिकची, चेन लावून काढायची, चार-पाच वर्षांत पिवळी पडायची. एनबीमध्ये तिथे काच आली. १९९९ ला दहाव्या वाढदिवसाची निळी आवृत्ती निघाली, ७,५०० गाड्या, त्यात सहा गिअर. २००० मध्ये ५,३१,८९० गाड्यांच्या आकड्यावर गिनीज बुकात नोंद झाली : जगातली सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटांची स्पोर्ट्‌स कार.

एनबीचे दोन अवतार लक्षात ठेवण्याजोगे. २००४-०५ ची ‘माझदास्पीड’, कारखान्यातून टर्बो बसवून आलेली, १७८ हॉर्सपॉवर. आणि फक्त जपानात विकलेली ‘रोडस्टर कूपे’, पक्क्या छपराची, दोनशेपेक्षाही कमी बनल्या. मी एकच पाहिली, नागोयाच्या एका पार्किंगमध्ये. अर्धा तास भोवती फिरत होतो, शेवटी मालक आला आणि त्याने हसत दार उघडून दाखवलं.

एक कटू गोष्टही लिहायला हवी. २००१ च्या अमेरिकन गाड्यांची ताकद कंपनीने १५५ लिहिली होती, प्रत्यक्षात १४२ भरली. कंपनीने चूक मान्य केली आणि ज्यांना नको त्यांच्या गाड्या परत घ्यायची तयारी दाखवली. चूक वाईटच, पण ती निस्तरली कशी हेही बघावं.

एनसी २००५ ते २०१५. इथे माझं मन थोडं खट्टू होतं. इंजिन दोन लिटर झालं, गाडी रुंदावली, वजन अकराशेच्या घरात गेलं. माझदाच्याच आरएक्स-८ या गाडीच्या काही भागांशी नातं आलं. ताकद वाढली, पण मला चालवून बघताना वाटलं की घोडा धष्टपुष्ट झालाय आणि मांड किंचित सैल पडलीय.

मस्कत_ते_मुंब्रा
सोमवार, सकाळी ७:२०

काका, आदर ठेवून असहमती नोंदवतो. माझ्याकडे मस्कतला पाच वर्षं एनसी होती, दोन लिटर, दुमडणाऱ्या पक्क्या छपराची. तुम्ही नागोयाच्या हवेत बोलताय. मस्कतच्या जूनमध्ये कापडी टपाखाली बसून दाखवा.

ते छप्पर २००६ मध्ये आलं. बटण दाबलं की बारा सेकंदांत तीन तुकड्यांत दुमडून सीटांच्या मागे जातं, आणि मुख्य म्हणजे डिकीची जागा खात नाही. दुसऱ्या कंपन्यांच्या अशा गाड्यांत छप्पर उघडलं की डिकीत टूथब्रश मावत नाही. हिच्यात आम्ही नवराबायको दोन बॅगा टाकून निझवाला जायचो. पन्नाशीच्या जवळचा माणूस रोज ऑफिसला न्यायची गाडी म्हणून एनसीच घेईल. वजन वाढलं ते धडकेच्या चाचण्यांमुळे आणि एअरबॅगांमुळे. त्या काळात सगळ्याच गाड्या फुगल्या, त्या मानाने ही फारच थोडी फुगली.

आणि एनसीचे प्रमुख ताकाओ किजिमांनी ती करताना ग्रॅम-ग्रॅम वाचवायची पद्धत बसवली. आतला आरसासुद्धा तोलून हलका केला. ताईंच्या लेकीने जो ग्रॅमचा हिशेब सांगितला त्याची शिस्त एनसीच्या टेबलावर लागली.

रोड_नंबर_१६
सोमवार, रात्री ९:३०

मान्य. मी एनसी दोनदाच चालवली, तुम्ही पाच वर्षं. ‘सैल पडली’ हे माझं वाक्य घाईचं होतं. दिवसभर त्यावर विचार केला. एनए सारखी गाडी २००५ च्या सुरक्षेच्या नियमांत बसवणं म्हणजे काय कसरत असेल, त्याचा हिशेब मी धरला नव्हता. एनसी नसती तर एनडी झाली नसती, हे तुमच्या बोलण्यातून पटलं.

कळवा_पूर्व
सोमवार, रात्री १०:४५

सगळं वाचून काढलं. आता मुद्द्याचं : काका, एवढा जीव होता तर गाडी ठाण्याला आणली का नाही?

रोड_नंबर_१६
मंगळवार, सकाळी ६:५५

आणता आली नाही. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती उजव्या हाताची हवी आणि बनून तीन वर्षांच्या आतली हवी, असा नियम. पहिली अट पुरी होत होती, जपानात स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. पण २००९ मध्ये माझी गाडी सतरा वर्षांची. वर कस्टमची ड्यूटी. महिनाभर इकडे-तिकडे पत्रं लिहिली, एका कचेरीतून तर उत्तरच आलं नाही. शेवटी तिथल्याच एका तरुण गिअर-डिझायनरला दिली. किल्ली देताना त्याला फक्त एक गोष्ट बजावून आलो, ती खाली पावसाच्या संदर्भात लिहितो.

माझदाने भारतात ही गाडी कधी अधिकृतपणे विकली नाही, कंपनीने आपल्या मोटारी इथे आणल्याच नाहीत. गंमत बघा : एनडीची लांबी ३,९१५ मिलिमीटर. आपल्याकडे छोट्या गाडीची सवलत चार मीटरच्या आत मिळते, त्यात ही आरामात बसते. पण पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंतच चालतं आणि हिचं सगळ्यात लहान इंजिन १,४९६ सीसीचं. तीनशे सीसींनी हुकली.

जुना_ठाणेकर
मंगळवार, सकाळी ११:३०

भारतात दोन सीटांची गाडी झालीच नाही असं नव्या मुलांना वाटू नये म्हणून लिहितो. १९९८ च्या सुमारास बंगळूरच्या सॅन कंपनीने ‘स्टॉर्म’ काढली होती. फायबरची बॉडी, कापडी टप, रेनॉचं १.२ लिटर इंजिन, साठेक हॉर्सपॉवर, ताकद पुढच्या चाकांना. मी एकदाच पाहिली, तलावपाळीला, पिवळ्या रंगाची. गडकरीच्या बाहेर नाटक सुटलेलं आणि निम्मा प्रेक्षक गाडीभोवती. फार खपली नाही. पण काढायची हिंमत केली याचं मोल मोठं आहे.

काका, पावसाचं राहिलं. आणि एनडीसुद्धा.

रोड_नंबर_१६
मंगळवार, रात्री ९:१५

जुने ठाणेकर, स्टॉर्मची आठवण काढलीत, बरं वाटलं.

एनडी. २०१४ मध्ये दाखवली, २०१५ पासून विक्री. प्रमुख नोबुहिरो यामामोतो, आधीच्या यामामोतोंचे नातेवाईक नव्हेत. १९९१ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत माझदाच्या रोटरी गाडीने जिंकली, त्या इंजिनाच्या कामात हे होते. शर्यतीतला माणूस म्हणजे आणखी ताकद देईल असं वाटावं. त्यांनी उलट केलं. एनसीपेक्षा शंभर किलोहून जास्त वजन उतरवलं. जपानातल्या सगळ्यात साध्या मॉडेलचं वजन ९९० किलो, आणि लांबीला ती १९८९ च्या गाडीपेक्षाही आखूड. सव्वीस वर्षांत एअरबॅगा, धडकेचे नियम, इलेक्ट्रॉनिक्स सगळं वाढूनही फक्त पन्नास किलो जास्त! वजनाच्या हिशेबात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा आकडा पाहून गलबलून येतं. २०१६ ला हिला जगातली त्या वर्षीची उत्तम गाडी आणि उत्तम रचना, दोन्ही पुरस्कार मिळाले. त्याच वर्षी २२ एप्रिलला दहा लाखावी गाडी हिरोशिमाच्या कारखान्यातून बाहेर पडली.

एनडीचे प्रकार : कापडी टपाची; आणि २०१६ मध्ये दाखवलेली ‘आरएफ’, जिच्यात फक्त डोक्यावरचा भाग बटणाने मागे जातो आणि मागचे उतरते खांब उभे राहतात. दिसायला फार देखणी, पण ताई, तुमच्या लेकीने कापडी घेतली ते योग्यच केलं, हलकी तीच. २०१८ मध्ये दोन लिटरच्या इंजिनाची ताकद १८१ हॉर्सपॉवरपर्यंत नेली, आणि ते मिनिटाला ६,८०० ऐवजी ७,५०० फेऱ्यांपर्यंत फिरू लागलं. स्टिअरिंग पुढे-मागे सरकवायची सोयही तेव्हाच आली. लोकांनी किती वर्षं वाट पाहिली होती त्याची!

आणि एक चुलत बहीण. २०१६ ची फियाट १२४ स्पायडर. आपल्या पिढीला फियाट म्हणजे पद्मिनी. ही स्पायडर बनत होती हिरोशिमात, एनडीच्या सांगाड्यावर, पण इंजिन फियाटचं १.४ लिटर टर्बो आणि अंगावरचे कपडे इटालियन. २०२० पर्यंत चालली.

२०२२ मधली सुधारणा मला सगळ्यात आवडली. जोरात वळताना आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला किंचित ब्रेक लागतो. त्याने गाडीचा तो कोपरा खाली ओढला जातो आणि अंग कमी झुकतं. नवीन सुटा भाग एकही नाही, वजन शून्य, सगळं सॉफ्टवेअरमध्ये. हिराईंच्या काळात हे शक्य असतं तर त्यांनीही हेच केलं असतं.

पामबीच_सकाळी_६
मंगळवार, रात्री १०:२०

काका, गायमुखचा प्रयोग आज पहाटे केला, आणि संध्याकाळी आईबाबा, बायको, मुलगी यांना घेऊन परत केला. कळलं. पहाटे त्या डावीकडच्या लांब वळणावर मी ब्रेकला पायच लावला नव्हता.

स्पॅनर_तुर्भे
बुधवार, सकाळी ८:००

पावसाचं सांगा की काका. माझा अंदाज आहे, पण तुमच्या तोंडून येऊ दे.

रोड_नंबर_१६
बुधवार, रात्री १०:०५

सांगतो.

कापडी टप जिथे बॉडीला मिळतो, सीटांच्या मागे, तिथे कापडाखाली एक पन्हळ असते. टपावरचं पाणी त्या पन्हळीत पडतं आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून, आतल्या नळीने, मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर उतरतं. गाडी मोठ्या झाडाखाली उभी राहिली की पानांचा चुरा त्या भोकात बसतो. वरून काहीच दिसत नाही. पाणी मग नळीने न जाता दाराखालच्या पोकळ पट्टीत साचतं आणि ती आतून गंजत जाते. रंग शाबूत, आतला पत्रा संपलेला.

माझी गाडी जिन्कगोच्या झाडाखाली उभी असायची. तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी वळण घेताना पाठीमागून पाणी हिंदकळल्याचा आवाज आला. डिकीत सांडलं असेल म्हणून बघितलं, कोरडी. पुन्हा वळलो, पुन्हा आवाज. गाडी बाजूला घेतली, सीट पुढे केली, गालिचा उचलला, पन्हळीत बोट घातलं, तर काळा लगदा. सायकलच्या ब्रेकची जुनी केबल नळीत घालून हळूहळू फिरवली. आधी काही नाही, मग एकदम गडगड करून पाणी खाली रस्त्यावर पडलं, दोन मिनिटं पडत होतं. उजवी पट्टी वाचली. डावीकडे तळहाताएवढा पत्रा कापून नवा जोडावा लागला.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी केबल घेऊन दोन्ही भोकं साफ करायचो. गाडी दिली तेव्हा त्या मुलाला ती केबल किल्लीबरोबर दिली आणि कशी फिरवायची ते करून दाखवलं.

मागच्या वर्षी त्याचा फोटो आला. माझदाने २०१७ मध्ये जपानात पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून द्यायची सेवा जाहीर केली, जुन्या भागांचं उत्पादन पुन्हा सुरू केलं, ब्रिजस्टोनने त्या बारीक टायरचा जुना नमुनासुद्धा परत काढला. त्याने तेच टायर घालून घेतलेत. फोटोत टप उघडा आहे, मुलगी शेजारच्या सीटवर आहे, आणि सीटामागच्या खोबणीत ती केबल गुंडाळून ठेवलेली दिसते.

सीवूड्स_आई
बुधवार, रात्री १०:४०

काका, लेकीला आत्ता फोन केला. तिच्या गाडीलाही तशी भोकं आहेत का, आणि असली तर साफ कशी करायची, विचारतेय. ती अक्रोडाच्या झाडाखाली लावते.

स्पॅनर_तुर्भे
बुधवार, रात्री १०:५२

आहेत ताई. एनडीला त्या जागी जाळी आहे, पानं अडतात, पण जाळीच भरते. टप अर्धा उचलायचा, सीटामागे कोपऱ्यात टॉर्च मारायचा, जाळी काढून धुवायची, मग अर्धा तांब्या पाणी हळू ओतून मागच्या चाकापुढे खाली पडतंय का बघायचं. हवेच्या प्रेशरने मारू नका, नळी सुटते. तिला व्हिडिओ कॉल लावायला सांगा, शनिवारी दुपारी मी गॅरेजवरच आहे.